वधूपरीक्षा आणि वर्णचिंता : स्त्रियांच्या रूपविषयक अस्वस्थतेची सामाजिक घडण

इ. स. २०१७ च्या फेब्रुवारी महिन्यात महाराष्ट्र राज्याच्या बारावीच्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एका परिच्छेदावरून बराच गदारोळ झाला. हुंड्याच्या प्रथेची कारणे सांगताना त्या पुस्तकाने मुलीच्या कुरूपतेचाही एक कारण म्हणून निर्देश केला होता. मुलगी कुरूप किंवा अपंग असली तर तिचे लग्न जमणे अवघड होते आणि म्हणून वरपक्ष अधिक हुंडा मागतो, अशा आशयाचे ते विवेचन होते. वृत्तपत्रांतून टीका झाली आणि तो मजकूर वगळण्यात येईल असे सांगण्यात आले. टीकेचा रोख बहुतांशी शब्दाच्या असभ्यतेवर होता. शास्त्रदृष्ट्या मात्र त्या परिच्छेदातील दोष निराळाच होता. बेताच्या रूपाच्या मुलीसाठी वरपक्ष अधिक मागणी करतो, हे वर्णन म्हणून खोटे नव्हते. ज्या घरांत उपवर मुली असतात त्या घरांना ते पुस्तकातून शिकण्याची गरजही नव्हती. दोष होता तो कार्यकारणभावाचा. जो व्यवहार माणसांनी ठरविलेल्या नियमांनी चालतो, त्याचे कारण मुलीच्या चेहऱ्यात शोधले गेले. ज्याची चिकित्सा करावयाची तेच गृहीत धरून चिकित्सा सुरू झाली.

स्त्रियांना आपल्या रूपाविषयी वाटणारी काळजी हा विषय सामान्यतः दोन ठरीव वाटांनी हाताळला जातो. एक वाट नीतीची. तीवर या काळजीला नटवेपणा म्हणावयाचे आणि उपदेश करावयाचा. दुसरी वाट मानसोपचाराची. तीवर तिला न्यूनगंड म्हणावयाचे आणि आत्मविश्वास वाढविण्याचे उपाय सुचवावयाचे. दोन्ही वाटांवर प्रश्न व्यक्तीच्या मनात सुरू होतो आणि मनातच संपतो. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांतील वर्णचिंता, म्हणजे आपण पुरेशा गोऱ्या नाही ही मुलीच्या मनातील बोच, तपासून पाहिली असता निराळेच काही आढळते. ती मुलीच्या मनाचा भ्रम नसते. लग्नाच्या व्यवहारात आपली गणना कशी केली जाते, याचे तिने केलेले ते बऱ्याच अंशी अचूक वाचन असते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ साली आरशातील प्रतिमेचे रूपक वापरून आत्मभानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: दुसऱ्याला आपण कसे दिसत असू याची कल्पना, त्यावरून तो आपला काय निवाडा करीत असेल याची कल्पना, आणि त्या निवाड्यातून उपजणारा अभिमान किंवा शरम. कूलींच्या विवेचनात हा निवाडा बहुतांशी कल्पिलेला आहे. महाराष्ट्रातील उपवर मुलीच्या बाबतीत तो प्रत्यक्ष केला जातो, ठरलेल्या वेळी, चारचौघांसमक्ष आणि चहापोह्यांसह.

या निवाड्याची परिभाषा प्रथम पाहावी. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, काळी अशी ही उतरती भांजणी प्रत्येक मराठी भाषिकाला ठाऊक असते. यांतील निमगोरी आणि गव्हाळ हे शब्द विशेष लक्षणीय आहेत. ते नित्य बोलण्यात क्वचितच येतात. त्यांचे खरे घर म्हणजे स्थळांची वही आणि वर्तमानपत्रांतील 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे' हे रकाने. ज्या व्यवहारात रंगाचे मोल करावयाचे असते तेथेच रंगाच्या मधल्या पायऱ्या सूक्ष्मपणे मोजण्याची निकड भासते. त्याहून बोलके आहे ते 'पण' हे अव्यय. मुलगी 'सावळी पण नाकीडोळी नीटस' असते, 'रंगाने डावी पण शिकलेली' असते. मुलाचे वर्णन करताना रंग मुळात येतच नाही, आणि आला तरी कमाईचा उल्लेख होताच तो विरून जातो. एका अव्ययावरून समाजाची जमाखर्चाची पद्धत कळावी, असे भाषेत नेहमी घडत नाही.

ही पद्धत सनातन आहे अशी एक समजूत आहे. तिला ग्रंथांचा आधार तितकासा मिळत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात वर्ज्य आणि ग्राह्य वधूंची लक्षणे दिली आहेत. पिंगट वर्णाची, रोगी, अतिशय केसाळ किंवा मुळीच केस नसलेली, बडबडी, अशा मुली तेथे वर्ज्य ठरतात. निर्दोष अवयव, मृदू अंग, बारीक दात, हंसासारखी किंवा हत्तीसारखी चाल या गोष्टी वाखाणलेल्या आहेत. परंतु वधू गोरी असावी असे त्या यादीत कोठेही नाही. आश्वलायन गृह्यसूत्र तर आणखी पुढे जाते. मुलीची लक्षणे ओळखणे अवघड आहे अशी प्रांजळ कबुली देऊन ते निरनिराळ्या ठिकाणच्या मातीचे आठ गोळे तिच्यापुढे मांडावयास सांगते. दुबार पिकाच्या शेतातील, गोठ्यातील, न आटणाऱ्या डोहातील, चव्हाट्यावरील, स्मशानातील अशा मातींपैकी ती जो गोळा उचलील त्यावरून भविष्य जाणावे, असा तो विधी आहे. विधी म्हणून तो कसाही असो, पाहून सारे कळते असा दावा सूत्रकाराने केला नाही. पुढच्या काळातील परीक्षकांना ही नम्रता साधली नाही.

महाभारतातील द्रौपदीला तिच्या वर्णावरूनच कृष्णा हे नाव मिळाले, आणि ती त्या महाकाव्यातील सौंदर्याची परमावधी मानली गेली. मेघदूतातील यक्षपत्नी श्यामा आहे. या शब्दाचा अर्थ टीकाकार तरुणी असाही करतात हे खरे, परंतु सावळेपणाला त्या काव्यजगतात मज्जाव नव्हता एवढे त्यावरून दिसते. पंढरपूरचा देव तर सावळाच आहे आणि वारकरी वाङ्मयात त्या सावळेपणाविषयी ओसंडून वाहणारे प्रेम आहे. मात्र याचा अर्थ गोऱ्या रंगाची आवड केवळ इंग्रजांनी आणली असा करणे सोयीचे असले तरी बरोबर नव्हे. मत्स्यपुराणात एक कथा आहे. शंकराने पार्वतीला तिच्या काळ्या वर्णावरून थट्टेने डिवचले. ती संतापून तपाला गेली, काळी कांती टाकून देऊन सोन्यासारख्या वर्णाची झाली आणि गौरी म्हणून परतली. नवऱ्याच्या एका थट्टेने देवीला कातडी टाकावी लागली, हे ज्या पुराणकाराला सुचले त्याला घरगुती वास्तवाची जाण नव्हती असे कोण म्हणेल? परंपरेत दोन्ही धागे आहेत. प्रश्न असा आहे की यांपैकी एक धागा केव्हा आणि कोणत्या कारणांनी इतका जाड झाला.

याचे उत्तर सौंदर्यकल्पनांच्या इतिहासापेक्षा विवाहव्यवस्थेच्या इतिहासात अधिक सापडते. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राचे स्थान उत्तर व दक्षिण यांच्या सीमेवर दाखविले आहे. येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालते, किंबहुना इष्ट मानले जाते. जी मुलगी आत्याच्या डोळ्यांसमोर वाढली, जिचा स्वभाव, कामाचा उरक आणि दुखणीबाणी घरच्यांना लहानपणापासून ठाऊक आहेत, तिला 'पाहण्याचा' प्रश्नच उद्भवत नाही. तसेच, पूर्वी ब्राह्मणेतर जातींपैकी कित्येकांत हुंड्याऐवजी देज देण्याची चाल होती. लग्नात वरपक्ष वधूपित्याला रक्कम देत असे, कारण शेतात आणि घरात राबणारे दोन हात एका घरातून दुसऱ्या घरात जात. अशा हिशेबात मुलीचे बळ व कष्टाळूपणा यांना मोल असते. उन्हाने रापलेली कातडी ही तेथे कामाची खूण असते, उणीव नव्हे.

विसाव्या शतकात हे चित्र पालटत गेले. शिक्षण, नोकरी आणि शहरवास यांमुळे वर व वधू दूरदूरच्या, परस्परांना अनोळखी घरांतून निवडले जाऊ लागले. वरच्या जातींच्या अनुकरणाने देज मागे पडून हुंडा पसरला. सावलीत बसणारी, शेतावर न जाणारी सून हे प्रतिष्ठेचे चिन्ह झाले आणि उजळ रंग हा त्या चिन्हाचा दाखला ठरला. त्यातच लग्नाचे वय वाढले. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरविले, १९४९ मध्ये ते पंधरा झाले आणि १९७८ च्या दुरुस्तीने अठरा. हा बदल कल्याणकारक होता याविषयी दुमत नाही. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम येथे नोंदविला पाहिजे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न ठरे तेव्हा मुख्यतः कुळ पाहिले जाई. तिचे रूप पुढे कसे होईल हे कोणासच सांगता येत नसे, आणि आपली निवड-नावड झाली हे तिलाही पुरते कळत नसे. वीस वर्षांची शिकलेली मुलगी पाहुण्यांसमोर येऊन बसते तेव्हा तिचे रूप पूर्ण घडलेले असते आणि निवाड्याची जाणीवही पूर्ण असते. ज्या सुधारणेने स्त्रीला सज्ञान वधू केले, तिनेच तिला सज्ञान अवस्थेत नाकारले जाण्याचा अनुभवही दिला.

वधू दाखविण्याचा समारंभ आता पुष्कळ ठिकाणी उपाहारगृहात किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर होतो. परंतु त्याची मूळ रचना समजून घेतल्याखेरीज वर्णचिंतेचा उलगडा होत नाही. पाहुणे येतात. बैठकीच्या खोलीत वडीलधाऱ्यांच्या गप्पा चालतात. त्यांत गाव, आडनाव, कोठल्या शाखेतील नातलग कोठे नोकरीस, हे सारे होते. नंतर मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येते. या बश्या आतिथ्यासाठी असतात तशाच चाचणीसाठीही. त्या निमित्ताने तिला चालावे लागते, वाकावे लागते, प्रत्येकासमोर क्षणभर थांबावे लागते. तिचे नाव विचारले जाते, वास्तविक ते सर्वांना माहीत असते. ऐकावयाचा असतो तो आवाज. मागच्या पिढ्यांत तिला गाणे म्हणावयास, दोन ओळी लिहून दाखवावयास, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावयास सांगत. बरोबर आलेल्या बायका आत जाऊन वेणी हाताळीत, केस तिचेच आहेत की गंगावन जोडले आहे याची खात्री करून घेत. पाहणे दिवसाउजेडी व्हावे याविषयी जाणती मंडळी दक्ष असत, कारण दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात रंगाचा अंदाज चुकतो. मुलगी मान खाली घालून बसते. तिला पाहण्याचा अधिकार सर्वांना असतो, तिने मात्र पाहू नये हा शिष्टाचार.

अर्ध्या तासाच्या अशा भेटीत स्वभाव कळत नाही, बुद्धी कळत नाही, संकटात ती कशी वागेल हे तर मुळीच कळत नाही. कळते ते दिसते तेवढेच. म्हणून जे दिसते त्याला निर्णायक महत्त्व येते. याला आणखी एक कारण आहे आणि ते बहुधा नजरेआड राहते. पाहुणे घरी येण्यापूर्वीच जात, पोटजात, गोत्र, पत्रिका, घराण्याची ऐपत आणि शिक्षण यांची चाळणी लागलेली असते. चाळणीतून उतरलेल्या दहा मुली या सर्व बाबतींत जवळजवळ सारख्याच असतात. मग निवड कशाच्या जोरावर करावयाची? अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, मैत्रीश घटक आणि जान लाफोर्चुन यांनी कोलकात्यातील बंगाली वृत्तपत्रांत विवाहाच्या जाहिराती देणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून २०१३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने या तर्काला चांगला आधार मिळतो. वधू शोधणाऱ्यांच्या दृष्टीने स्वजातीचे वजन हे 'अतिशय सुंदर' आणि 'बऱ्या रूपाची' अशा स्वतःच दिलेल्या वर्णनांतील अंतराच्या दुप्पट भरले. म्हणजे जातीपुढे रूप हरते. बंगाल म्हणजे महाराष्ट्र नव्हे. तथापि दोन्हीकडची ठरवून केलेल्या लग्नांची घडण इतकी सारखी आहे की त्यावरून एक अनुमान काढता येते. जात आपले काम आधीच उरकून घेते, म्हणूनच उरलेल्या मैदानात रूपाला एवढे राज्य मिळते. रूपाची चिंता आणि जातीचे कुंपण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. दुसरीने पहिलीला जागा करून दिली आहे.

रंग आणि रक्कम यांचा संबंधही याच ठिकाणी जुळतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. त्यानंतर मागणीची भाषा बदलली, ती 'मानपान', 'दोन्हीकडचा खर्च', 'तुमच्या मुलीला तुम्ही काय द्याल ते' अशी झाली. परंतु उणे-अधिकाची बेरीज थांबली नाही. घरातील थोरली सावळी आणि धाकटी गोरी असली की थोरलीच्या पाहण्याच्या वेळी धाकटीला शेजारी पाठवून देण्यात येते; पाहुण्यांची नजर चुकून तिच्यावर जाऊ नये एवढ्यासाठी. या साध्या खबरदारीत थोरलीला जे कळावयाचे ते सर्व कळते. आपल्या रंगापायी बापाला कर्ज काढावे लागेल, भावाचे शिक्षण अडेल, धाकटीचे लग्न लांबेल, हा हिशेब तिला कोणी समजावून सांगत नाही, पण स्वयंपाकघरात हलक्या आवाजात चाललेली बोलणी तिच्या कानांवर पडतातच. अशा मुलीच्या अस्वस्थतेला न्यूनगंड हे नाव देणे म्हणजे ऋणको माणसाच्या काळजीला भ्रम म्हणण्यासारखे आहे.

नकार देण्याची रीत या अस्वस्थतेला आणखी धार लावते. 'मुलगी काळी आहे' असे कोणी कळवीत नाही. तो असभ्यपणा ठरेल. पत्रिका जुळत नाही, मुलाला इतक्यात कर्तव्य नाही, योग नाही, असे निरोप येतात, किंवा निरोपच येत नाही. सभ्यतेने झाकलेले कारण मुलीला स्वतःच भरून काढावे लागते. कूलींच्या दुसऱ्या पायरीवर, म्हणजे दुसऱ्याच्या निवाड्याच्या कल्पनेवर, तिला एकटीला सोडून दिले जाते, आणि तिच्या मनात जी सर्वांत मोठी भीती वसत असते तीच तेथे कारण म्हणून येऊन बसते. पत्रिका खरोखरच जुळत नसेल, पण तिला ते कधीच कळणार नाही. पाचव्या-सहाव्या निरोपानंतर ती आरशात पाहते तेव्हा त्या साऱ्या न बोललेल्या नकारांचा अर्थ तेथे लावीत असते.

या व्यवस्थेचे रोजचे काम पुरुष करीत नाहीत, आई, आजी, आत्या आणि मावशी करतात, ही गोष्ट अनेकदा स्त्रियांविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. तो अन्याय आहे. गरोदर सुनेला केशर घातलेले दूध देणारी सासू, तान्ह्या मुलीला डाळीचे पीठ व साय लावून चोळणारी आजी, भर उन्हात खेळू नकोस म्हणून दटावणारी आई, या सर्वजणी मुलीला ज्या बाजारात उतरावे लागणार आहे त्याचे भाव जाणतात. आईचा कठोरपणा हा पुष्कळदा तिच्या स्वतःच्या पाहण्याच्या आठवणीतून आलेला असतो. केशराने गर्भाचा वर्ण बदलत नाही. माणसाच्या कातडीचा रंग मेलॅनिन या द्रव्यावर आणि त्याचे नियमन करणाऱ्या अनेक जनुकांवर अवलंबून असतो. एकाच आईबापांच्या दोन मुलींच्या रंगांत फरक पडतो तो या जनुकांच्या वेगवेगळ्या जुळणीमुळे. हे ज्ञान आता शाळेतही मिळते. तरीही केशर खपते, कारण त्यामागे अज्ञान कमी आणि काहीतरी केल्याचे समाधान अधिक आहे.

वर्णचिंतेचे हे चित्र मुख्यतः हुंडा देणाऱ्या, पांढरपेशा किंवा पांढरपेशा होऊ पाहणाऱ्या जातींचे आहे, हे विसरता कामा नये. दलित स्त्रीच्या बाबतीत दिसणे या क्रियेला दुसरीच धार होती. तिचा पोशाख आणि दागिने हेच तिच्या अस्पृश्यतेचे जाहीर प्रमाणपत्र होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथील परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा आणि जात ओळखू येईल असे भाराभर दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. वरवर पाहता हा पेहरावाविषयीचा सल्ला आहे. वस्तुतः तो दुसऱ्याने ठरवून दिलेले दिसणे नाकारण्याचा कार्यक्रम होता. तेथे रूपाची जाणीव ही शरमेची वाट नसून अधिकाराची वाट होती. रूपविषयक प्रत्येक दक्षता ही दडपणाचीच खूण असते, असे मानणाऱ्या अलीकडच्या काही लेखनाने या उदाहरणाचा विचार केलेला दिसत नाही.

विधवेचे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे. ज्या ब्राह्मण समाजाने कुमारिकेचे लांबसडक केस वाखाणले, त्यानेच विधवेचे केशवपन सक्तीचे केले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी हे काम करण्यास नकार दिला ही घटना प्रसिद्धच आहे. केशवपन गेले, परंतु कुंकू पुसणे व बांगड्या फोडणे राहिले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने त्याविरुद्ध ठराव केला आणि त्यापाठोपाठ राज्य शासनाने परिपत्रक काढले. कुमारिकेने दिसावे, सौभाग्यवतीने खुणा बाळगाव्या, विधवेने दिसू नये: तिन्ही आज्ञा एकाच ठिकाणाहून येतात.

या तयार जमिनीत व्यापाराने पेरणी केली. १९७५ साली हिंदुस्थान लीव्हर कंपनीने 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारतात बाजारात आणले. त्याची किंमत सामान्य कुटुंबाला परवडेल अशी ठेवली गेली, आणि पुढे ते छोट्या पुड्यांतूनही मिळू लागल्याने खेड्यांपर्यंत पोहोचले. त्याच्या जाहिरातींचे कथासूत्र अनेक वर्षे जवळपास एकच होते: सावळी मुलगी, नकार किंवा उपेक्षा, मलम, आणि मग वर किंवा नोकरी. या कथेत नवे काही नव्हते. पाहण्याच्या समारंभाचाच तो संक्षेप होता. नवे होते ते एवढेच की उपाय आता मुलीच्या हाती दिला गेला, आणि उपाय हाती आल्यावर दोषही तिचाच ठरला. पूर्वी सावळेपणा नशीब होते; आता तो निष्काळजीपणा झाला. पुढे 'नोकरीसाठीही उजळपणा' ही कल्पना रुजली, आणि लग्नाच्या बाजारातून सुटण्यासाठी ज्या मुली नोकरीकडे वळल्या होत्या त्यांच्या मागोमाग तोच निकष कार्यालयात पोहोचला.

याहून घातक प्रकार औषधांच्या दुकानांत घडला. खरूज-गजकर्णासारख्या विकारांवर देण्यात येणारी स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीवाचून विकली जात. ती लावल्याने चेहरा काही दिवस उजळतो, म्हणून असंख्य मुलींनी ती महिनोन्‌महिने वापरली. त्वचा पातळ होणे, चेहरा लालबुंद होऊन आग होणे, पुटकुळ्या व नको असलेले केस येणे, आणि मलम थांबवताच हे सारे बळावणे, अशा तक्रारी घेऊन त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे येऊ लागल्या. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नावच दिले आणि २०१८ साली केंद्र शासनाने अशा अनेक मलमांची चिठ्ठीवाचून विक्री होऊ नये म्हणून नियम कडक केले. लग्न जमावे म्हणून लावलेल्या मलमाने चेहरा कायमचा बिघडला, अशा मुलींपुढे आत्मविश्वासावरील व्याख्यान किती उपयोगी पडेल याचा विचार उपदेशकांनी करावा.

अलीकडच्या मानसशास्त्रात या सर्व प्रक्रियेचे एक उपयुक्त विवेचन आढळते. बार्बरा फ्रेडरिकसन आणि टॉमी-अॅन रॉबर्ट्स यांनी १९९७ साली असे प्रतिपादन केले की, ज्या समाजात स्त्रीच्या देहाकडे सतत वस्तू म्हणून पाहिले जाते तेथे स्त्री हळूहळू त्या परक्या नजरेनेच स्वतःकडे पाहू लागते. ही पाळत नित्याची होते आणि तिच्यातून शरम व चिंता निपजतात. पाहुणे घरी येणे बंद झाले तरी परीक्षा का संपत नाही, हे यावरून कळते: परीक्षक मुक्कामाला येऊन राहिलेला असतो. पाश्चात्य देशांत या पाळतीचा रोख प्रामुख्याने वजनावर राहिला. फिजीतील नाड्रोगा भागात १९९५ मध्ये दूरदर्शन आले. अ‍ॅन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली, तेव्हा आहारविषयक विकृतीकडे झुकणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलेले आढळले. ज्या समाजात धष्टपुष्ट देहाला मान होता तेथे तीन वर्षांत हे घडले. या अभ्यासाचा दाखला देऊन येथील वर्णचिंतेचे खापरही चित्रपट आणि दूरदर्शन यांच्यावर फोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. फिजीत पडद्याने नवा निकष आणला. महाराष्ट्रात पडदा येण्यापूर्वीच निकष घरात हजर होता. पडद्याने त्याला झळाळी दिली आणि त्याच्या जोडीला सडपातळपणाचा दुसरा निकष आणून बसविला.

पुढील घटना विरोधी दिशेच्याही आहेत. २००५ पासून पुरुषांसाठी गोरेपणाची मलमे निघाली, तेव्हा ही चिंता आता समान झाली असे काहींनी म्हटले. परंतु मुलाच्या रंगापायी त्याच्या बापाने कर्ज काढल्याचे ऐकिवात नाही. २०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने सावळी व्यक्ती दुःखी किंवा अपयशी दाखविण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०२० साली, अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर, वर उल्लेखिलेल्या मलमाच्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून 'ग्लो' हा शब्द घालण्यात आला; आणि त्याच वर्षी परदेशस्थ भारतीय स्त्रियांनी केलेल्या मागणीवरून एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने त्वचेच्या रंगानुसार स्थळे निवडण्याची सोय बंद केली.

रंगाचा रकाना गेला तरी छायाचित्र राहिले आहे, आणि ते मजकुराच्या आधी दिसते. पूर्वी छायाचित्रकार काचेच्या ऋणप्रतीवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करीत असे आणि त्यासाठी वेगळे पैसे घेई. आता ते काम मुलगी आपल्या दूरध्वनीवर स्वतःच करते, आणि प्रत्यक्ष भेटीत आपण छायाचित्रातल्यापेक्षा सावळ्या दिसू ही नवी धास्ती घेऊन उपाहारगृहात जाते. शिकलेल्या, मिळवत्या मुली आता मुलाला प्रश्न विचारतात, नकारही देतात. त्यांच्या आया शेजारच्या टेबलावर बसून वाट पाहतात, आणि स्थळ सुचविणाऱ्या नातलगाचा संध्याकाळी फोन येतो तेव्हा 'त्यांना मुलगी कशी वाटली' हे आधी विचारले जाते. मुलीला मुलगा कसा वाटला, हे नंतर.